छत्र्याला तोंड फुटलं

कामशेतशेजारच्या कान्ह्यात यंदा आषाढात एक बातमी उठली. राजेश्वरी रोकडे एका माणसापायी रडली. नवरा कंपनीत शिफ्टला गेलेला असताना, दार लावून रडली. माणूस परका आहे आणि काळी छत्री घेऊन हिंडतो, इतपत तपशील बातमीबरोबर आला होता. उरलेला ज्याने त्याने आपापल्या पदरचा घातला. आता मावळात आषाढात छत्रीशिवाय हिंडतो कोण? त्यामुळे संशयाला माणसांची वानवा पडली नाही. विम्याचा एजंट बजरंग वस्तीत यायचा, त्याच्याकडे बायका अशा काही बघायला लागल्या की बिचाऱ्यानं छत्री टाकून रेनकोट घेतला. मग तर बायकांची खात्रीच पटली.

तर हे आधी निस्तरलेलं बरं. राजेश्वरी रडली नव्हती. ती संतापली होती. संतापली की तिचे डोळे भरून येतात, हे पोरवयापासूनचं आहे, आणि वस्तीतल्या जुन्या माणसांना ते पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असूनही त्यांनी बातमी पुढे ढकलली, कारण झडीच्या दिवसांत माणसानं दुसरं करायचं काय? दार लावलं होतं ते पाऊस आत येत होता म्हणून. आणि तो माणूस मुळात माणूसच नव्हता. तो टीव्हीत होता, वीतभर उंचीचा. एका जुन्या व्हिडिओ गेममधला गडी. यंदा त्याचं कार्टून निघालं होतं.

"चाळिशी उलटलेली बाई कार्टून बघून रडती व्हय?" हे ऐकल्यावर लोकांची खरं तर निराशाच झाली. पण राजेश्वरीला ओळखणाऱ्याला नवल वाटायचं कारण नाही. ही बाई जीप चालवते. शहरातली माणसं कामशेतच्या डोंगरावरून कापडाला लटकून हवेत उडी टाकतात, त्यांना जीपमधून वर सोडायचं आणि मग जिथं कुठं पडतील तिथून गोळा करून आणायचं, हे तिचं काम. पडणारा फोन करतो आणि सांगतो की मी एका शेतात आहे. राजेश्वरी विचारते, "शेतात हाय ते कळलं. गाय हाय का जवळ? कुटल्या रंगाची?" गाईचा रंग कळला की तिला मालक कळतो, आणि मालक कळला की किती शिव्या खाव्या लागणार तेही कळतं. भात उभं असताना कुणी खाचरात उतरला, तर शेतकऱ्याच्या आधी तीच त्याला झाडते. असली बाई, तिला उगीच रडू येत नाही.

पावसाळ्यात उडणं बंद असतं. जीप ताडपत्रीखाली निजते आणि राजेश्वरीच्या संध्याकाळी मोकळ्या होतात. त्याच दिवसांत वस्तीच्या विहारात वर्षावासाचं वाचन चालतं. केरबा आबा चष्मा सावरून ग्रंथ वाचतात, बाया-बापे मांडी घालून ऐकतात, आणि पोरं एकमेकांना चिमटे काढतात. फार वर्षांपूर्वी एकदा आबांनी वाचता वाचता ग्रंथावरची नजर न काढता म्हटलं होतं, "या पोरांना कुणीतरी भाईर न्या, न्हाई तर मला न्या." राजेश्वरी उठली आणि पोरांना घेऊन विहाराच्या व्हरांड्यात बसली. तेव्हापासून दर पावसाळ्यात आत वाचन आणि बाहेर राजेश्वरीची गोष्ट, असा रिवाज पडला. गोष्ट एकच. छत्र्याची.

छत्र्या कामशेतला आला तो राजेश्वरीच्या शाळेच्या वयात, भाताच्या गिरणीत. गिरणी हनुमंतच्या वडलांची. पोती ठेवायच्या खोलीत हनुमंतनं एक टीव्ही मांडला, त्याला व्हिडिओ गेमचं मशीन जोडलं आणि भिंतीवर खडूनं लिहिलं, ‘रांगेत बसावे’. पोरं भाताच्या पोत्यांवर रांगेत बसायची. गिरणीची मोटर सुरू झाली की टीव्हीतलं चित्र पाण्यात पडल्यासारखं हलायचं, आणि कोंड्याची धूळ कॅसेटमध्ये जाऊन बसायची. मग हनुमंत कॅसेट काढून पावा वाजवल्यासारखी तोंडाला लावून फुंकायचा. कॅसेटवरचं नाव इंग्रजीत, त्यातही अर्धा कागद फाटलेला. आत होता एक काळ्या छत्रीवाला गडी. तो या छपरावरून त्या छपरावर उड्या मारायचा, छत्री उघडून हळूहळू खाली यायचा आणि वरून झडप घालणारे कावळे चुकवायचा. बोलायचा नाही. हसायचा नाही. पोरांनी त्याचं बारसं केलं: छत्र्या.

राजेश्वरीची आई भागुबाई त्याच गिरणीत तांदूळ पाखडायला होती. शाळा सुटली की राजेश्वरीनं तिथं येऊन आई सुटेपर्यंत थांबायचं. घरी एकटं जायचं नाही. हातात नाणं क्वचित असायचं, पण रांगेत बसायला कुणी नाणं मागत नव्हतं. त्यामुळे कामशेतात छत्र्याला सगळ्यांत जास्त बघितला कुणी असेल, तर या पोरीनं.

चौथ्या लेव्हलच्या शेवटी एक मोठा दरवाजा लागायचा. छत्र्या दरवाजाला धडकला की पडदा लुकलुकायचा आणि छत्र्या थेट पहिल्या लेव्हलला, आपल्या घरासमोर उभा. कितीही चांगलं खेळा, तो घरीच. पोरं वैतागायची. हनुमंत म्हणायचा, "हात चालवा, हात! पुढं लय मोठं हाय." आणि एक दिवस पोत्यावरून राजेश्वरी म्हणाली, "अरं, त्याची आई राह्यली ना घरी. तिला न्यायला आलाय त्यो."

सगळ्यांनी बघितलं. घराच्या खिडकीत खरंच कुणीतरी होतं. हिरवं लुगडं, वर तांबडं कुंकू, चित्र हलायचं तशी तीही हलायची. झालं! त्या दिवसापासून कामशेतात छत्र्या हरून घरी येईना. तो आईला न्यायला यायला लागला. पाचव्या लेव्हलला आईला पाठीवर घेऊन तो काय काय करणार, हे रांगेतली पोरं आपसांत ठरवायची. एक म्हणायचा आई कावळ्यांना उलथनं फेकून मारणार, दुसरा म्हणायचा आई वाटेत खाली उतरून भांडणार. खेळणारा एक आणि गोष्ट रचणारे पोतंभर. तीच गोष्ट राजेश्वरी पुढे व्हरांड्यात सांगत राहिली आणि दर पावसाळ्यात ती लांबत गेली.

यंदा व्हरांडा ओस पडला. वाचन सुरू झालं, राजेश्वरी बाहेर येऊन बसली, तर समोर एक पोरगी आणि तिच्या मांडीवर झोपलेला तिचा भाऊ.

"बाकीची कुटं मेली?"

"घरी. कॅप्टन अंब्रो लागतो ना आता," पोरगी म्हणाली. मग जरा घाबरत, "मावशी, तुमचा छत्र्या डुप्लिकेट हाय म्हणत्यात सगळी. खरा त्यो टीव्हीवरचा. त्याला आईबी नसती."

राजेश्वरी तडक घरी गेली, दार लावलं आणि टीव्ही लावला. पुढचं बातमीत आलंच आहे.

दुसऱ्या दिवशी तिचा भाचा सुरज चहाला आला. हा लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर काउंटरला बसतो आणि पाहुण्यांशी गोड बोलून बोलून घरच्यांशीही तसंच बोलतो. त्याला चहा मिळायच्या आधी शिव्या मिळाल्या.

"बोलतो रे त्यो! तोंड बंदच करत न्हाई. छपरावरून पडतोय खाली आन पडता पडता बोलतोय, ‘दोस्तांनो, घाबरू नका!’ मी रोज माणसं लटकलेली बगते सुरज. इंजिनियर बगितले, वकील बगितले. वर जाईपर्यंत माझं डोकं खात्यात. एकदा पाय सुटला जमिनीवरून की एकाच्या तोंडातून शबूद फुटत न्हाई. छत्रीला लटकलेला माणूस गप असतो!"

"आत्या, कार्टून आहे ते. हीरो गप बसला तर मुलं चॅनल बदलतील."

"आन कावळा? कावळा त्याचा दोस्त! जल्मभर ज्यानं टोची मारली त्यो खांद्यावर बसून इनोद करतोय. डोळ्यावर गॉगल घातलाय त्या मुडद्यानं!"

"कुणी? कावळ्यानं का कॅप्टननं?"

"दोगांनी!"

सुरजनं हसू दाबलं आणि रिसॉर्टमधला समजावणीचा आवाज काढला. "हे बघ आत्या. जुन्या गेमचं कार्टून करणं सोपं नसतं. गेममध्ये असतं काय? उजवीकडे पळा, उडी मारा, मरा, परत पळा. गोष्टच नसते. त्या लोकांनी निदान काहीतरी गोष्ट घातली तरी."

"गोष्ट नसती?" राजेश्वरीनं साखरेचा डबा आपटला. "मंग आमी पोत्यावर बसून काय कोंडा खात व्हतो व्हय? आई कुटं गेली त्याची, ते सांग आदी!"

"आत्या, आई तू घातलीस."

हे शब्द मात्र तिला लागले. डोळे भरले. बातमीवाल्यांनी कुंपणावरून ते बघितलं आणि बातमीला नवी पालवी फुटली.

"मी घातली? खिडकीत हाय ती! सगळ्या कामशेतनं बगितलीय. थांब, कॅसेटच आणते. पोरांच्या डोळ्यांपुढं लावते. मंग बगू खरा कोण आन डुप्लिकेट कोण."

आता तिच्या जिवाला एकच लागलं. वर्षावास संपायच्या आत पोरं व्हरांड्यात परत यायला हवीत, आणि छत्र्याला आई होती हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायला हवं.

कामशेतातली गिरणी कधीच बंद पडली. त्या पोत्यांच्या खोलीत हनुमंतनं मोबाइल दुरुस्तीचं दुकान घातलंय. केस पांढरे झाले, पण बिघडलेल्या वस्तूवर फुंकर मारायची खोड तशीच. राजेश्वरी दुकानात शिरली तेव्हा तो कुणाच्या तरी फोनमध्ये फुंकत होता.

"हनुमंतभाऊ, छत्र्याची कॅसेट काढा."

हनुमंतची फुंकर अर्ध्यात थांबली. "ती? ती उंदरांनी खाल्ली."

"पलास्टिक खात्यात व्हय तुमचं उंदीर?"

"आगं राजे, कशाला जुनं उकरती? पोरांना नवं आवडतं, बगू दे की."

"माळ्यावर हाय ना? मी चढते." आणि खरंच ती स्टुलावर चढली. शेवटी हनुमंतनंच मशीन खाली काढलं. फडक्यात गुंडाळलेलं, एक धुळीचा कण नाही. उंदरांचं नाव उगाच खराब केलं होतं गड्यानं. कॅसेट हातात देताना तो पुटपुटला, "एक ऐक. घरी लाव. पोरांपुढं नको."

"का?"

"आसंच."

"कार्टूनवाल्यांनी तुमालाबी फितवलं काय?" एवढं बोलून ती निघाली. पण मशीनच्या वायरी नव्या टीव्हीला कशा जोडायच्या हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून जाता जाता दटावून गेली, "उद्या सांजच्याला विहारात या. जोडायला."

केरबा आबांची परवानगी लागणार होती. आबा म्हणाले, "वाचन संपल्यावर. व्हरांड्यात. आन आवाज बंद." मग चष्मा पुसत, "मलाबी बगायचाय त्यो छत्र्या. वीस वर्सं खिडकीतून निस्ता कानावर पडतोय."

दुसऱ्या दिवशी पाऊस धो धो. वाचन आटोपलं. विहारातला भाषणं दाखवायचा मोठा टीव्ही व्हरांड्यात आणला. फुकट तमाशा म्हणून पोरं झाडून हजर, बाया-बापे हजर, सुरज हजर, भागुबाई भिंतीला टेकून हजर. आणि फाटकातून काळी छत्री घेऊन हनुमंत आला तेव्हा बायकांनी एकमेकींना असे काही कोपर मारले की विचारू नका. बजरंग एकदाचा सुटला.

हनुमंतनं वायरी जोडल्या, कॅसेट फुंकली. टीव्ही उजळला. छपरं आली, कावळे आले आणि छत्री मिटून आपल्या घरासमोर छत्र्या उभा राहिला. इतका लख्ख तो गिरणीत कधीच दिसला नव्हता. राजेश्वरी उठून टीव्हीजवळ गेली आणि खिडकीवर बोट ठेवून म्हणाली, "ही बगा. ही आई."

पोरं पुढं सरकली. मग एक पोरगा म्हणाला, "मावशी, कुंडी हाय ती."

कुंडीच होती. हिरवी पानं, वर तांबडं फूल. गिरणीची मोटर नव्हती, त्यामुळे हलतही नव्हती. पोरं जी हसायला लागली ती थांबेनात. "छत्र्याची आई कुंडी! छत्र्याची आई कुंडी!" मोठी माणसंही तोंडाला पदर लावून. राजेश्वरीचं बोट काचेवर तसंच राहिलं. आणि मागून भागुबाईचा आवाज आला, "आगं राजे, मी कुंडी व्हय गं?"

छत्र्याची आई खरी कोण, हे म्हातारीला पहिल्यापासून कळत होतं म्हणायचं. राजेश्वरीनं मागे वळून बघितलं नाही. कानशिलं लाल करून ती खेळायलाच बसली. हात अजून चालत होते. पहिली लेव्हल, दुसरी, तिसरी. कावळे भराभर चुकत होते आणि पोरांचं हसू हळूहळू ओसरलं, कारण बाई खेळतच तशी होती. चौथीचा दरवाजा आला. छत्र्या धडकला. पडदा लुकलुकला. छत्र्या पुन्हा कुंडीसमोर.

"हँग झालं!" पोरं ओरडली.

"हँग न्हाई. त्यो आईला..." राजेश्वरीचं वाक्य अर्धंच राहिलं.

सुरजनं तोवर फोनमध्ये शोधून काढलं होतं. जगात कुठं तरी कुणी तरी तोच गेम शेवटपर्यंत खेळून ठेवला होता. दरवाजा उघडत होता. पलीकडे पाचवी लेव्हल होती, बर्फाचे डोंगर होते, पुढे आणखी लेव्हली होत्या आणि शेवटी छत्र्याच्या डोक्यावर मुकुट. आई कुठंच नव्हती. सुरजनं फोन हलक्या हातानं पुढे केला. खरं सांगायचं तर तोही हसत नव्हता.

राजेश्वरीनं बघितलं. मग तिची मान सावकाश हनुमंतकडे वळली.

"तुमाला म्हाईत व्हतं."

हनुमंत छत्री उघडायला लागला. व्हरांड्यात, छपराखाली.

"भाऊ, मी काय म्हणते!"

"नकली कॅसेट व्हती गं," हनुमंत छत्रीच्या आडून म्हणाला. "पुण्यातनं आणलेली. चारच लेव्हल भरल्या व्हत्या तिच्यात. मला त्याच दिवाळीत कळलं. परत द्यायला गेलतो, दुकानवाला घेईना."

"आन तुमी आमाला काय सांगायचा? ‘हात चालवा, हात! पुढं लय मोठं हाय!’ पोरांची बोटं सुजली तरी म्हणायचा! कार्टूनवाले बरं की वो तुमच्यापरास. त्ये निदान बडबड करून खोटं सांगत्यात, तुमी फुंकर मारून सांगितलं! चौथीपुढं काईच न्हाई आसं एकदा म्हणला असता, तर मी..."

"तर तू काय?" हनुमंतनं छत्री खाली घेतली. "तर तू घरी गेली असती? तुझी आई आत पाखडत व्हती. बसलीच असती की पोत्यावर."

राजेश्वरी आणखीच भडकली. मशीनच्या वायरी उपसायला लागली. पोरांना म्हणाली, "चला, घरी व्हा. जा त्या बडबड्याला बगा. आई न्हाई, काय न्हाई, कुंडी हाय. झालं समाधान?"

पोरं हलली नाहीत.

"पण मावशी," ती पहिल्या दिवशीची पोरगी म्हणाली, "मंग त्यानं पाचव्या लेव्हलला कुंडी कशी नेली?"

"डोक्यावर घेतली असंल," दुसरा म्हणाला.

"डोक्यावर घेतली तर छत्री कोण धरंल?"

"आई धरंल."

"कुंडीला हात असत्यात व्हय रं?"

"फांद्या असत्यात!"

"मंग कावळं येऊन फांदीवर बसतील की येड्या. भांडाण करायचं सोडून."

कावळे बसावे की न बसावे यावरून व्हरांड्यात दोन तट पडले. कॅप्टन अंब्रोची वेळ टळून चालली तरी कुणाला त्याची आठवण झाली नाही. वायरी हातात घेऊन राजेश्वरी ऐकत उभी राहिली. पोरं चुकीचं रचत होती, आणि चुकीचं रचलेलं तिला सहन होत नाही.

"गप बसा!" ती शेवटी कडाडली. "कावळं बसणार न्हाईत. काटं हायेत तिला. आन छत्री तिच्याच हातात. त्यो फकस्त पळतो. वाट ती सांगती. बसा खाली."

पोरं खाली बसली. भागुबाईनं भिंतीला टेकल्या टेकल्या पदर सारखा केला. केरबा आबांनी घरी जायला उचललेली काठी पुन्हा खाली ठेवली. हनुमंत हळूच पायरीवर टेकला, रांगेच्या शेवटी.

सुरज मात्र सुरज. रिसॉर्टवाल्याला शेवटचा शब्द आपला हवा असतो. "म्हणजे आत्या, जुन्या गेमचं चांगलं कार्टून होऊ शकतं की. तूच करतेयस. मग एवढं रागवायचं काय होतं?"

राजेश्वरीनं वायरींची गुंडाळी त्याच्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "व्हतंय की. मी कुटं न्हाई म्हणते? पण आदी त्या कार्टूनवाल्यांना भाताच्या पोत्यावर रांगेत बसवा, खेळायला न देता. मंग काढा म्हणावं कार्टून."